मैदानावरचे दगड

दलेंदा मैदानावर आली तेव्हा तिथं मेंढरं रवंथ करत बसली होती.

शाळेच्या भिंतीच्या कोपऱ्यात काटेरी झुडपं, एक गंजकी खाट आणि कुणाच्या तरी घराचा मोडका दरवाजा आडवा लावून ऐसपैस वाडगं केलेलं. उन्हाळाभर तापलेल्या लेंड्यांचा वास नाकात चढत होता. गेल्या वर्षी जिथं ती मुलींना रांगेत उभी करायची, तिथं एक मोठ्या शिंगांचा एडका मान खाली घालून तिच्याकडे रोखून बघत होता.

"त्याच्याकडं काय बघतीस? शिकव की त्याला कवायत," आतून आवाज आला.

अम्मारकाका. तिच्या बापाचा धाकटा भाऊ. एका मेंढीचा खूर मांडीवर धरून चाकूनं साफ करत बसला होता.

"काका, हे शाळेचं मैदान आहे."

"शाळा असंल तवा मैदान. सुट्टीत माळ. आन् माळावर मेंढरं बसत्यात."

"शाळा उघडायला आता किती दिवस राहिलेत?"

"उघडू दे की. पोरं आत, मेंढरं भायेर. कुनाचं कुनाला काय?"

"आणि माझा तास?"

काका हसला. समोरचे दोन दात नव्हते, त्यामुळं त्याचं हसू नेहमीच थोडं चावट दिसायचं. "तुजा तास म्हंजी पळनं. पळायला तयारी कशापायी लागती गं? मागं कुत्रं सोडायचं. आपसूक पळत्यात."

दलेंदा हसली नाही. मग काकाचंही हसू फार वेळ टिकलं नाही. त्यानं मेंढी सोडली, चाकू पायजम्याला पुसला आणि म्हणाला, "चल. दावतो तुला."

मैदानाच्या खालच्या अंगाला काकाची जमीन. तिच्याभोवती दोन पुरुष उंचीचं निवडुंगाचं कुंपण होतं. होतं म्हणायचं. आता पानं काळी पडून एकमेकांवर कोसळली होती आणि त्यांच्यावर पिंजलेल्या कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलं होतं. काकानं त्यातला एक पुंजका अंगठ्यानं चिरडला. अंगठा लालभडक झाला.

"बघ. कीड येवढीशी, पन रगात कसं हाय. माझ्या आज्यानं लावल्यालं कुंपन. भित तीच, उन्हाळ्याची वैरन तीच, बोंडं तीच. येका उन्हाळ्यात समदं बसलं. कुंपन पडलं आन् कुत्र्यांनी दोन कोकरं फाडली. आता तूच सांग मास्तरीन, मेंढरं कुठं नेऊ? तुज्या आईच्या सैपाकघरात?"

ती परत फिरली.

हेडमास्तर गाझीसाहेब कचेरीत सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण वरून येणाऱ्या प्रत्येक फोनला उभा राहून बोलायचा.

"बाई, स्पष्टच सांगतो. गेल्या वर्षी तुमच्या तासाला त्या पोरीचा, शादलियाचा, हात मोडला, त्याची तक्रार वरपर्यंत गेली. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात तपासनीस येणार. मैदान धड नसेल तर तुमचे तास गणिताला जाणार. मग इथं तुमचं काम काय? बदली. वाळवंटाच्या टोकाला पाठवतील, मी काही अडवू शकणार नाही."

"मैदान धड करते."

"आणि ती मेंढरं? तुमचा काका ऐकायचा नाही. पोलिसांना सांगू का?"

"नको," ती पटकन म्हणाली.

मागच्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडलं होतं आणि तिच्या बापाची छाती भरून आली होती. गाडी वर येईना. तेव्हा अम्मारकाकानं आपल्या थोरल्या भावाला पाठीवर घेतलं आणि घोटाभर बर्फातून खालच्या सडकेपर्यंत नेलं होतं. त्या पाठीवर पोलीस कसे घालायचे?

घरी बाप अंगणात हल्फा गवताचा दोर वळत बसला होता. बापाचं नाव लझहर; तो जन्मभर डोंगरावर हल्फा उपटत आला. त्या गवतानं त्याचे तळवे कातड्याच्या चपलेसारखे झाले होते आणि त्या गवताच्या भाऱ्यांनी गुडघे गेले होते. आई तंदुरातून भाकऱ्या काढत होती. दलेंदानं सगळं सांगितलं.

"भांडू नगंस त्याच्यासंगं," बाप म्हणाला.

"भांडत नाही बाबा. विचार करतेय."

"इचारानं मेंढरं हलली असती," आई तंदुरात डोकं घालूनच म्हणाली, "तर तुजा बाप समद्यात मोठा धनगर झाला असता. हं, भाकरी घे. गरम हाय तवर खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दलेंदा पळायला निघाली. शाळेआधी दरवर्षी ती आपलं शरीर सुरळीत करून घ्यायची. पोरींसमोर उभं राहून पळा म्हणायचं आणि स्वतः धापा टाकायच्या, हे तिला पटत नसे. पण यंदा सगळा उन्हाळा आईबरोबर बदाम झोडण्यात आणि लग्नांची जेवणं रांधण्यात गेला होता. चढ सुरू झाला आणि बरगडीखाली कळ आली. चहाच्या दुकानासमोर नेहमीची मंडळी नेहमीच्या खुर्च्यांवर बसली होती.

"दलेंदा, कोन लागलंय गं मागं?" एकानं विचारलं.

"म्हातारपण!" ती न थांबता ओरडली. मागं हशा झाला. कोपऱ्यावर वळल्यावर मात्र ती कमरेवर हात ठेवून वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

परतताना मैदानातून येत होती. थकलेला पाय पुरता उचलला गेला नाही आणि जमिनीतून वर आलेल्या एका दगडाला तिचा अंगठा थडकला. ती खालीच बसली. बूट काढला. नख निळं होत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या पाण्यातूनच ती समोर बघत राहिली. सगळं मैदान दगडांनी भरलेलं. काही सुटे, काही अर्धे पुरलेले, काहींचं नुसतं टोक वर. अशाच एका टोकावर शादलिया पडली होती.

खालच्या अंगाला काकाची उघडी पडलेली जमीन दिसत होती.

दलेंदा दगडाकडे बघायची आणि जमिनीकडे बघायची. मग तिनं बूट घातला आणि लंगडत शाळेच्या शिपायाकडे गेली. पहार आणि एकचाकी गाडा मागून आणला.

काका मेंढरं चारून आला तेव्हा त्याच्या जमिनीच्या कडेला दगडांचा एक ढीग पडला होता आणि दुसरा पडत होता.

"हे काय चाललंय?"

"नव्या वर्षाची तयारी," दलेंदा म्हणाली. घामानं तिचा डोक्याचा रुमाल मानेला चिकटला होता. "मैदानातले दगड काढायचेत. कुठंतरी टाकायलाच हवेत. म्हटलं, इथं टाकावे. गडगा रचला तर मेंढरांना निवडुंगापेक्षा पक्की भिंत होईल. दगडाला कीड लागत नाही."

काकानं ढिगातला एक दगड पायानं हलवून बघितला. "हे तू येकटी करनार?"

"बघू."

"येडी हायेस," तो म्हणाला आणि मेंढरं घेऊन मैदानाकडे गेला.

पहिले काही दिवस ती खरोखरच एकटी होती. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि दुपारनंतर ऊन कलल्यावर. पहार घालायची, अंगाचा सगळा भार टाकायचा, दगड करकरत हलला की तो कडेनं फिरवत गाड्यावर लोटायचा. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. रात्री जेवताना तिला घास नीट धरता येईना. आईनं ऑलिव्हचं तेल कोमट केलं, तिचे हात मांडीवर घेतले आणि चोळत राहिली.

"मास्तरीन झालीस तवा म्हनलं होतं, पोरीचे हात तरी मऊ राहतील," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आईच मैदानावर आली. रुमाल कपाळावर घट्ट बांधून, मोठी टोपली घेऊन. तिच्यामागं शेजारच्या दोघीजणी. पाण्याला जाणाऱ्या बायका वाकडी वाट करून येऊ लागल्या. कुणी टोपलीभर दगड वाहायची, कुणी नुसतीच बोलायची, पण बोलणं मोठ्यानं असायचं.

"अगं, कुनाचं वाडगं हे?"

"अम्मारचं."

"मग अम्मार कुठंय?"

"त्यो बसलाय की सावलीला. त्याच्या मेंढरांची भित त्याची पुतनी बांधती. नशीबवान हाय बाई."

अम्मार सावलीला खरोखरच बसला होता, चहाचा ग्लास हातात घेऊन. हे शब्द त्याच्यापर्यंत पोचावेत एवढ्याच अंतरावर. त्यानं चहा संपवला. ग्लास दगडावर जरा जोरातच ठेवला. मग उठून गडग्यापाशी आला, दलेंदानं रचलेल्या भागाला पायानं ढकललं. तीन दगड खाली आले.

"ही भित न्हवं, हे माजं दात हायेत," तो म्हणाला. "सरक तिकडं. तू वाहून आन, म्या रचतो. तुमी बायाबी, बगत काय उभ्या राहताय? बारकं दगूड आना, फटीत ठोकायला."

"आनतो की, अम्मार," एकजण लाडानं म्हणाली आणि सगळ्या हसत पांगल्या.

असा गडगा वर येऊ लागला. मैदानात जिथून दगड निघाले तिथं खड्डे राहिले. ते आई आणि बायका लेंड्यामिश्रित मातीनं बुजवत गेल्या. बाप मैदानावर येऊ शकत नव्हता. त्यानं अंगणातच बसून रस्सीखेचीसाठी मनगटाएवढा जाड दोर वळला, आणि मग लांब उडीच्या खड्ड्यापुढं अंथरायला चटया विणायला घेतल्या.

"पोरी पडतील तवा चटईवर पडू दे," तो म्हणायचा. "जमीन कुनाची सगी नसती."

त्याच आठवड्यात दलेंदा शादलियाच्या घरी गेली. शादलियाची आई म्बारका दारातच गव्हाच्या कण्या निवडत होती. नवरा किनाऱ्याकडच्या शहरात गवंडीकाम करायचा, सणाला यायचा. घर सगळं हिच्या अंगावर. तिनं दलेंदाला बस म्हटलं, चहाही टाकला, पण नजर कण्यांवरून उचलली नाही.

"शादलियाला यंदा तासाला पाठवा," दलेंदा म्हणाली. "मी मैदान साफ करतेय."

"आयकलंय म्या."

"मग?"

म्बारकानं हाक मारली. मुलगी बाहेर आली. उंच, काटक, पायाला जणू स्प्रिंगा. म्बारकानं तिचा उजवा हात धरून पुढं केला. मनगटापाशी हाड किंचित वाकडं जुळलं होतं.

"हिला कणीक मळताना अजून दुखतं. उद्या हिला बघाया कुनी आलं तर आदी हातच बघतील. तुमी चांगल्या हायसा बाई, तुमच्यावर राग न्हाई माजा. पन माजी पोर मला परत मोडून नगं." ती थांबली. "पळून हिला मिळनार तरी काय हाय?"

शादलिया आईच्या मागं उभी राहून जमिनीकडे बघत होती. दलेंदाच्या डोक्यात बरीच उत्तरं आली. जिल्ह्याची स्पर्धा, चषक, क्रीडा शाळेतली भरती. त्यातलं एकही या दारात उभं राहण्याजोगं वाटलं नाही.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण पळताना हिचा चेहरा तुम्ही कधी पाहिलाय का?"

म्बारकानं चहा पूर्ण ग्लास भरून दिला.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात वाडगं पुरं झालं. काकानं मोडका दरवाजा फटीत बसवला आणि मेंढरं एकेक करून आत नेली. एडका शेवटी. मैदानावरच्या काटेरी फांद्या ओढून दलेंदानं पेटवल्या. राखेला लेंड्यांचा वास येत होता. आता नुसतं सपाट करायचं आणि चुन्यानं रेघा मारायच्या.

तेवढ्यात आभाळ भरलं.

खळ्यांवरची मळणी संपली की त्या डोंगरात एक पाऊस येतो. त्याला खळी धुणारा पाऊस म्हणतात. बहुतेक वर्षी तो नावाप्रमाणं खळ्यावरचा भुसा धुऊन जातो, एवढंच. यंदा दुपारी डोंगर काळा झाला आणि गारांसकट जो कोसळला, तो थांबेचना. दलेंदा खिडकीतून बघत होती. डोंगरातून लाल पाण्याचा लोट आला, शाळेच्या भिंतीला धडकला, वळला आणि मैदानाच्या मधोमध वाट काढत खाली गेला. आई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

ऊन पडल्यावर ती चिखल तुडवत गेली. मैदानाच्या मधून माणूस बसेल एवढी खोल ओघळ पडली होती. बुजवलेले खड्डे पुन्हा उघडे, आणि लोटाबरोबर डोंगरातले नवे दगड येऊन पसरलेले. दलेंदा ओघळीच्या काठावर बसली. तिला रडू आलं नाही. नुसते हात जड झाले, मांडीवरून उचलवेनात असे.

काका खालून येताना दिसला. गुडघ्यापर्यंत चिखल. तो तिच्याजवळ आला, पण तिच्याकडे बघितलं नाही. शाळेच्या भिंतीच्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिला, जिथं उन्हाळाभर त्याचं वाडगं होतं. तिथं आता जमीनच नव्हती. लोट आधी तिथंच आदळला होता. खालची माती खरवडून नेऊन भिंतीचा पाया उघडा पाडला होता.

"मेंढरं?" दलेंदानं घाबरून विचारलं.

"हायेत." त्यानं खाली हात केला. "गडग्याला चाटून गेलं पानी. आत थेंब न्हाई." त्यानं नाक शिंकरलं. "हितं असती तर... कोकरं सुदिक बांदलेली असायची हितं."

बोलणं हा अम्मारचा प्रांत नव्हता, टोमणे सोडून. तो वळला आणि चालू लागला.

"काका?"

"खेचर आनाया चाललोय. तू काय आता बोटानं उकरनार हे?"

तो खेचर घेऊन आला, आणि एक जाड ओंडका. ओंडक्याला साखळ्या लावल्या, वर स्वतः उभा राहिला आणि खेचराला हाकलं. दुपारपर्यंत चहाच्या दुकानातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मंडळी फावडी घेऊन आली. "आता येवढा चिखल झालाय, घरी बसून तरी काय करायचं," असं म्हणत. नवे दगड त्यांनी ओघळीत भरले, वर माती टाकली. लोटानं खालच्या ओढ्यात बारीक वाळू आणून टाकली होती. ती गाढवांवरून आली आणि लांब उडीच्या खड्ड्यात गेली. गाझीसाहेब कोट काढून आले आणि कुणी सांगितलं नसताना फावडं उचललं. त्यांना ते धरता येत नव्हतं, पण कुणी हसलं नाही. निदान समोर नाही.

ओंडक्यावर उभा अम्मार ओरडत होता, "हात लावा रं! बाईचा तास हाय. कवायत समजा!"

तपासनीस आला तो पहिल्याच तासाला. स्वच्छ बुटांचा, तरुणसा माणूस. रेघांवरून चालला, दोरावर पाय देऊन बघितला, चटया उचलून बघितल्या.

"या कुठून मागवल्या?"

"बाबांनी विणल्यात," दलेंदा म्हणाली.

त्यानं मान हलवली. मुली रांगेत उभ्या होत्या, शाळेच्या नव्या, टोचणाऱ्या एप्रनमध्ये कोपर खाजवत. एक मात्र भिंतीशी पायरीवर बसली होती.

"ती का बसलीय?"

दलेंदा उत्तर शोधत असतानाच फाटकापाशी म्बारका दिसली. डोक्यावर सरपणाची मोळी होती. ती फाटकातच थांबली, मोळी खाली उतरवली आणि बराच वेळ मैदानाकडे बघत राहिली. मग पायातल्या चपला काढल्या, एकमेकींशेजारी नीट ठेवल्या आणि अनवाणी आत आली.

ती चालू लागली. मैदानाच्या एका टोकापासून. हळूहळू, पाय घासत, टाच रोवून, जशी बाई शेतातली ओल बघते. तपासनीस काहीतरी म्हणणार होता, पण गाझीसाहेबांनी त्याच्या बाहीला हात लावला. म्बारका ओघळ होती तिथं आली, थांबली, दोनदा पाय आपटून बघितला. पुढं गेली. दुसऱ्या टोकाला भिंत लागल्यावर वळली आणि जिथं मागच्या वर्षी मुलगी पडली होती, बरोबर तिथून परत आली. मधोमध येऊन थांबली.

"बसलीस काय गं?" ती पायरीकडे बघून ओरडली. "ऊठ की!"

शादलिया उठली. एकदा आईकडे, एकदा दलेंदाकडे बघितलं. दलेंदानं शिट्टी फुंकली आणि सगळी रांग सुटली.

पहिल्या दहा-बारा ढांगांत शादलिया पुढं आली. रुमाल मागं उडाला. वाकडा हात आणि सरळ हात, दोन्ही सारखेच हवा कापत होते. म्बारका तिच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि आपण कुठं उभ्या आहोत हे तिच्या गावीही नव्हतं. मुलींचा लोंढा तिच्याच अंगावर चालला होता.

"म्बारका, बाजूला व्हा!" दलेंदा ओरडली. "मुली आल्या!"

म्बारका दचकली, झगा दोन्ही हातांनी वर धरला आणि चांगली लांब उडी मारून रेघेबाहेर पडली.